संगणकाची ओळख, भाग ५ : सातबारा उतरवला, पण गेला कुठे?

दीपनगरला संगणकाचे अप्रूप राहिलेले नाही. इथल्या औष्णिक वीज केंद्रातल्या ५०० मेगावॅटच्या दोन्ही संचांवर स्क्रीनवरूनच नजर ठेवली जाते. तरीही नोकरीभर कंट्रोल रूममध्ये पाळ्या केलेली मंडळी निवृत्तीनंतर घरच्या लॅपटॉपसमोर बसली की अडतात ती एकाच जागी. सातबारा डाउनलोड केला, पंधरा रुपये कटले, तो डोळ्यांनी पाहिलासुद्धा. आता सापडत का नाही?

सापडत नाही, कारण तो कुठे पाहिला हे लक्षात आलेले नसते. स्क्रीनवर दिसणाऱ्या गोष्टी दोन ठिकाणच्या असतात. काही आपल्या यंत्रात साठवलेल्या, काही दुसऱ्याच गावच्या यंत्रातल्या. पहिल्या दाखवतो फाइल मॅनेजर, दुसऱ्या दाखवतो ब्राउझर. कंट्रोल रूममध्ये बॉयलरचे तापमान दिसते म्हणून बॉयलर काही टेबलावर येऊन बसत नाही. ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या सातबाऱ्याचेही तसेच आहे. तो दिसतो आहे, पण अजून तुमच्याकडे आलेला असेलच असे नाही.

हा घोळ होण्यात वापरणाऱ्यापेक्षा बनवणाऱ्यांचा दोष जास्त, असे माझे मत आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले आणि त्याच महिन्यात जगाच्या बाजारात विंडोज ९५ आले. त्यातल्या फाइल मॅनेजरचे नाव विंडोज एक्सप्लोरर आणि त्याच वर्षी आलेल्या ब्राउझरचे नाव इंटरनेट एक्सप्लोरर! १९९७च्या चौथ्या आवृत्तीत तर मायक्रोसॉफ्टने दोन्ही एकमेकांत इतके मिसळले, की एकाच खिडकीत फोल्डरही उघडे आणि वेबसाइटही. विंडोजमध्ये ब्राउझर असा गुंफून टाकणे हा १९९८च्या अमेरिकी सरकारच्या खटल्यातला एक मोठा मुद्दा होता. लिनक्सवाल्यांच्या कॉन्करर या प्रोग्रॅमनेही दोन्ही कामे एकत्र केली होती. पुढे सगळ्यांनाच शहाणपण सुचले. २०१२ साली विंडोज ८ मध्ये फाइल मॅनेजरचे नाव फाइल एक्सप्लोरर झाले आणि १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररचा आधार काढून घेतला. आता पिवळ्या फोल्डरचे चित्र म्हणजे फाइल मॅनेजर आणि क्रोम, एज, फायरफॉक्स हे ब्राउझर. गूगल मात्र ब्राउझर नव्हे. ती ब्राउझरमध्ये उघडणारी एक वेबसाइट. क्रोम गूगल कंपनीचेच असल्याने इथेही गोंधळ व्हायला जागा ठेवलेली आहेच.

आता सातबाऱ्याकडे. महाभूलेखवर दिसणारा मोफत उतारा फक्त माहितीसाठी असतो. सरकारी कामाला चालणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा पंधरा रुपये भरून पीडीएफच्या रूपात मिळतो. आणि ही पीडीएफ बहुतेक संगणकांवर ब्राउझरमध्येच उघडते! मग ती आपल्याकडे आली की नाही हे कसे ओळखायचे? वरच्या पत्त्याच्या पट्टीकडे पाहा. तिथे वेबसाइटचा पत्ता असेल, तर उतारा अजून पलीकडच्याच यंत्रातला आहे. खाली वळलेल्या बाणाचे चिन्ह दाबून तो उतरवून घ्या. पट्टीच्या सुरुवातीला ‘फाइल’ असे लिहून पुढे सी, युजर्स, डाउनलोड्स अशी ओळ दिसत असेल, तर तो तुमच्या यंत्रात आलेला आहे. नेट बंद केले तरी उघडेल. ज्यांना ही पट्टी वाचायची सवय लागली, त्यांचा अर्धा संगणक शिकून झाला असे मी समजतो.

उतरवलेली फाइल बहुधा डाउनलोड्स नावाच्या फोल्डरमध्ये पडते. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि जे ही बटणे एकदम दाबली, की काय काय उतरवले त्याची यादी येते. विंडोजचे बटण आणि ई दाबले, की फाइल एक्सप्लोरर उघडतो. डावीकडे डाउनलोड्स दिसेल. तिथे फाइलचे नाव आकड्यांचे भेंडोळे असते. ती फाइल निवडा आणि एफ-२ दाबून नाव बदला: ‘सातबारा’ आणि पुढे गट क्रमांक. नाव देवनागरीत चालते, पण जी फाइल पुढे एखाद्या पोर्टलवर चढवायची आहे तिला इंग्रजी अक्षरांत सुटसुटीत नाव द्यावे. काही पोर्टल मराठी अक्षरांवर अडून बसतात.

पेन ड्राइव्हवर नेताना एक काळजी घ्या. डेस्कटॉपवरच्या ज्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण असतो, तो शॉर्टकट. म्हणजे फाइलकडे जायची नुसती वाट. तोच कॉपी करून भुसावळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलात तर तिथे काहीही उघडणार नाही. शिवाय संगणकातून पुसलेली फाइल रिसायकल बिनमधून परत आणता येते, तशी पेन ड्राइव्हवरून पुसलेली येत नाही.

फाइल मॅनेजर आणि ब्राउझर यांची गाठ आणखी एका ठिकाणी पडते. ठिबकच्या अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर निवड झाली आणि कागदपत्रे अपलोड करायची वेळ आली, की ‘चूज फाइल’ दाबल्यावर एक वेगळी खिडकी उघडते. ती पोर्टलची नव्हे, तुमच्याच संगणकाची असते. आपल्या घरातले फोल्डर सरकारला दिसू लागले, असे वाटून काहीजण घाबरून ती बंद करतात. तसे काही नसते. तुम्ही निवडाल तेवढीच फाइल पलीकडे जाते. आणि गेल्यावरही मूळ फाइल तुमच्याकडे जागच्या जागी राहते. जाते ती तिची प्रत.

हाच नियम दुसऱ्याच्या संगणकावर उलटा लागू होतो, आणि तो फार कमी लोक पाळतात. सायबर कॅफेत ई-आधार उतरवून प्रिंट घेतली, ब्राउझर बंद केला आणि निघालो, की ई-आधारची फाइल तिथल्या डाउनलोड्समध्ये राहिली. इनकॉग्निटो म्हणजे खासगी खिडकीत काम केले तरीसुद्धा! त्या खिडकीमुळे कोणत्या साइट पाहिल्या याची नोंद ब्राउझर ठेवत नाही, पण उतरवलेली फाइल पुसली जात नाही. ई-आधारला पासवर्ड असतो खरा, पण तो नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मसाल इतकाच. गावात कुणाचे जन्मसाल लपून राहते? म्हणून उठण्यापूर्वी डाउनलोड्स उघडा, आपली फाइल निवडा, शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबा. दुकानदाराला वाईट वाटले तर वाटू द्या.

शेवटी ठगांविषयी. जिथून राज्याला वीज जाते त्या दीपनगरातही ‘बिल थकले, आज रात्री लाइट कापणार’ असे खोटे मेसेज यायचे राहत नाहीत. अशा मेसेजमध्ये कधी लिंक असते, कधी फाइल. लिंकच्या बाबतीत पुन्हा तीच पत्त्याची पट्टी. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंतचा पत्ता घ्या आणि त्याची शेपटी वाचा. महावितरणची साइट ‘महाडिस्कॉम डॉट इन’ने संपते, मध्येच कुठेतरी महाडिस्कॉम आणि शेवटी भलतेच काही असेल, तर ती साइट महावितरणची नाही. फाइल आली असेल तर नावाचा शेवट पाहा. बिल पीडीएफ असते. एपीके किंवा ईएक्सई हे बिल नव्हे, चालणारे प्रोग्रॅम आहेत. विंडोज मात्र ही शेवटची अक्षरे लपवून ठेवते, त्यामुळे ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल नुसती ‘बिल डॉट पीडीएफ’ अशी साळसूद दिसते. ही सोय कुणाच्या भल्यासाठी केली, मला अजून कळलेले नाही. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्स येथे खूण केली की अक्षरे दिसू लागतात.

मोबाइलवरही हेच सगळे आहे. फाइल्स नावाचे अ‍ॅप म्हणजे फाइल मॅनेजर; ब्राउझरने उतरवलेले त्यात डाउनलोड्समध्ये असते.

या आठवड्यात डाउनलोड्स फोल्डर उघडा, कामाच्या फाइलींना नावे द्या, बाकीच्या पुसा आणि फाइलींची शेवटची अक्षरे दिसतील अशी सोय करून घ्या. पुढच्या भागात पासवर्ड आणि ओटीपी.