नित्य ध्यान : त्याचे लाभ आणि मर्यादा

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे मूळचे एक खेडे होय. आज तेथे अरुंद गल्ल्यांच्या दोहों बाजूंस उंच घरे दाटीने उभी आहेत, आणि जवळच्या मोठ्या रस्त्यावरील वाहनांचा कोलाहल रात्री उशिरापर्यंत थांबत नाही. अशा वस्तीतील मनुष्याने प्रतिदिनी थोडा वेळ स्वस्थ बसून ध्यान केले, तर त्यास कोणता लाभ होईल? हा प्रश्न केवळ श्रद्धेचा नाही. तो शरीरविज्ञानाचाही आहे.

या प्रश्नाचा प्रयोगशाळेत विचार करण्यास आपल्या देशात प्रारंभ करणाऱ्यांपैकी स्वामी कुवलयानंद हे एक होत. त्यांचे मूळचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापिली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांचे परिणाम उपकरणांनी मोजावेत, असा त्यांचा आग्रह होता.

पुढे मुनिरक्यापासून काही किलोमीटरांवर असलेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत बी. के. आनंद, जी. एस. छिना व बलदेव सिंह यांनी चार योग्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचे आलेख घेतले. मनुष्य डोळे मिटून निवांत असता सेकंदास सुमारे ८ ते १३ आवर्तनांच्या ‘अल्फा’ लहरी उमटतात. अकस्मात मोठा आवाज झाला की त्या खंडित होतात. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात असे आढळले की, ध्यानावस्थेत प्रखर प्रकाश, मोठा आवाज वा उष्ण स्पर्श यांनीही या लहरी मोडल्या नाहीत. ध्यानात नसताना मात्र त्याच योग्यांच्या लहरी इतरांप्रमाणेच खंडित झाल्या. अर्थात्, अवघ्या चार अभ्यस्त योग्यांवरून सर्वसामान्यांविषयी सिद्धान्त बांधता येत नाही.

त्याच वर्षी आनंद यांनी वेंगर व बागची या अमेरिकेतून आलेल्या संशोधकांसह दुसरी एक समजूत तपासली. काही योगी हृदय थांबवितात, असे म्हटले जाई. हृदयाच्या विद्युत्‌लेखात मात्र ठोके चालूच असल्याचे दिसले. श्वास रोधून छाती व पोट यांचे स्नायू आवळल्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त घटते. त्यायोगे नाडी हातास लागत नाही, इतकेच.

ध्यानाचा परिणाम कसा घडतो? धोक्याच्या वेळी अनुकंपी तंत्रिका तंत्र नाडी जलद करते व स्नायू ताणते. स्वस्थ बसून श्वास मंद झाला, म्हणजे परानुकंपी तंत्राचा प्रभाव वाढतो आणि नाडी मंदावते. शिवाय, भरकटलेले लक्ष पुन्हा पुन्हा श्वासाकडे आणताना मनात आलेल्या चिंतेकडे तिच्यामागे न वाहता पाहण्याचा सराव होतो.

२०१४ साली अमेरिकेत ४७ चाचण्यांचा, म्हणजे सुमारे ३,५०० व्यक्तींचा, एकत्रित आढावा घेण्यात आला. सजग ध्यानाने चिंता, खिन्नता व वेदना यांत अल्प ते मध्यम प्रमाणात घट होते, असे त्यात दिसले. परंतु व्यायाम किंवा औषधे यांहून ध्यान श्रेष्ठ ठरते, असा पुरावा मिळाला नाही. निद्रा व शरीराचे वजन यांविषयीही लाभ सिद्ध झाला नाही.

अभ्यास अगदी साधा आहे. ठरावीक वेळी, पाठ ताठ परंतु सैल ठेवून, दहा मिनिटे बसावे व श्वासाकडे लक्ष द्यावे. मन ढळले तर खेद न मानता ते परत आणावे. बाहेरचा आवाज थांबण्याची वाट पाहू नये. तो ऐकू यावा आणि जावा. मात्र रक्तदाबाचे वा अन्य औषध आपल्या मनाने बंद करू नये. तीव्र मानसिक विकार असलेल्याने आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. आणि ध्यानाने अस्वस्थता वाढल्यास ते थांबवावे. ध्यान हे उपचाराच्या जोडीला असावे; उपचाराच्या जागी नव्हे.