हलकेपणापलीकडचे कॉम्पोझिट

लढाऊ विमानात कार्बन तंतूंचे थर रचून केलेले कॉम्पोझिट कशासाठी, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: हलके असते म्हणून. ते खोटे नाही. एक घनसेंटिमीटर ॲल्युमिनियम सुमारे २.७ ग्रॅम भरते, कार्बन तंतू इपॉक्सी राळेने जोडून केलेले कॉम्पोझिट १.६च्या आसपास. पण माझ्या मते हा गुण दुय्यम आहे. धातू सगळ्या दिशांनी जवळपास सारखाच ताठ असतो. कार्बन तंतूंचा एक थर मात्र तंतूंच्या दिशेने जेवढा ताठ असतो, त्याच्या एक दशांशही आडव्या दिशेने नसतो. अभियंत्यांनी या उणिवेचेच भांडवल केले. एक थर उभा, दुसरा ४५ अंशांत, तिसरा आडवा असे रचत गेले, की पंख कुठे ताठ राहील आणि वाकताना कुठल्या बाजूला पिळेल हे आधीच ठरवता येते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे डिसेंबर १९८४मध्ये उडालेले अमेरिकेचे प्रायोगिक विमान एक्स-२९. त्याचे पंख पुढच्या बाजूला झुकलेले होते. अशा पंखांमुळे नाक बरेच वर उचलले तरी विमान ताब्यात राहते, पण धोकाही मोठा असतो. हवेच्या दाबाने पंखाचे टोक वर वाकते, तसा त्याचा पुढचा काठही वर पिळतो. त्यामुळे उचल वाढते, पीळ आणखी वाढतो आणि अखेर पंख तुटू शकतो. धातूचा पंख हे थोपवण्याइतका ताठ करायचा, तर तो फार जड होतो. ग्रुमन कंपनीने थर असे तिरके मांडले, की पंख वर वाकला तरी पुढचा काठ वर पिळण्याची ओढ आवरली जावी.

पुढे झुकलेले पंख लढाऊ विमानांत रुजले नाहीत, मग एवढे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. तो आकार मागे पडला, थर मांडण्याची विद्या टिकली. आपल्या ‘तेजस’च्या सांगाड्याचे सुमारे ४५ टक्के वजन कॉम्पोझिटचे आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हातातले अवजार पडले तर ॲल्युमिनियमवर पोचा दिसतो. कॉम्पोझिटमध्ये वरून काहीच न दिसता आतले थर सुटलेले असू शकतात. म्हणून अल्ट्रासाउंडने तपासणी करावी लागते, आणि अशा न दिसणाऱ्या इजेची तजवीज म्हणून भाग थोडा जाडही ठेवावा लागतो. म्हणजे हलकेपणातला काही वाटा इथेच खर्ची पडतो. दिशा ठरवण्याची सोय मात्र शाबूत राहते. उष्णतेपुढे तीही उपयोगाची नाही. एफ-२२ या लढाऊ विमानाच्या सांगाड्यात कॉम्पोझिटपेक्षा टायटॅनियम जास्त आहे; त्याचे एक कारण म्हणजे थर कितीही हुशारीने मांडले तरी इपॉक्सी तापल्यावर मऊ पडतेच.