पाण्याकाठचं घर, होडी आणि आमचे गुडघे



"वेस्टमीड सोडून तळ्याकाठी गेलात म्हणे! घर कसं निवडलंत ते लिहा की," असं बऱ्याच जणांनी फोनवर सांगितलं. म्हणून लिहायला बसलो आहोत. लिहिणारा हात एकीचा, पण घर दोघांनी शोधलं, भांडणंही दोघांनी केली, तेव्हा "आम्ही" असंच लिहिते.

आपले पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, ही गोष्ट आपण सगळ्यांनी आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. म्हणजे होडीचा आपला पहिला अनुभव काही फारसा चांगला नाही! तरी पाण्याची ओढ सुटत नाही. आमच्या ह्यांचं बालपण रेवदंड्याचं. कुंडलिकेच्या मुखाशी तेव्हा पूल नव्हता, साळावला जायचं तर तरीने. कोळीवाड्यातल्या मित्रांबरोबर हे वल्हं मारायला शिकले, शाळा बुडवून शिकले हे वेगळं सांगायला नको. सासूबाईंचा जीव मात्र टांगणीला लागायचा. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्या भागात प्रत्येक घरात कुणीतरी कुणाला तरी ओळखत होतं. सासूबाई नारळी पौर्णिमेपर्यंत ह्यांना होडीला हात लावू देत नसत. पुढे सून म्हणून तीच भीती आमच्या वाट्याला आली, दागिन्यांबरोबर.

वेस्टमीडला आम्ही चाळीसच्या वर वर्षं काढली. इथलं मोठं रुग्णालय १९७८ मध्ये उघडलं, त्याच्या आसपास आपली नर्सिंगवाली मंडळी या बाजूला यायला लागली. आता भाजी, मसाले, चहाची पत्ती सगळं पायी जाऊन मिळतं. पण पाणी म्हणाल तर तूंगॅबीची खाडी आणि ती मिळते ती पॅरामाटा नदी. मुलांनो, पॅरामाटा हे नाव इथल्या मूळ रहिवाशांच्या बुरामाटा या शब्दावरून आलं, म्हणजे वाम मासे असतात ती जागा. वामीला दिसण्याजोगे खवले नसतात म्हणून ती आपल्याला चालत नाही, पण नावाला कोण अडवणार!

चार्ल्स स्ट्रीटच्या बंधाऱ्याच्या वर गोडं पाणी, खाली खारं. बंधाऱ्याजवळून शहरात जायला फेरी सुटते. ओहोटी फार असली की ती रायडलमीरपर्यंत येऊन थांबते आणि पुढे बस. ह्यांनी पहिल्या वर्षी आपल्याकडचा हिशोब लावला. तुम्हाला आठवत असेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. एकादशी असली तर अकराचे पाऊण सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठला भरती. अमावास्येला दुपारी बारा. त्या भरवशावर आम्ही डबा घेऊन बंदरावर गेलो, तर समोर चिखल! मुंबईच्या किनाऱ्याचा हिशोब सिडनीला लागू नाही. इथे उधाणाची भरती सकाळ-संध्याकाळी आठ-नऊच्या सुमाराला येते. आणि उंचीही निराळी: मुंबईला उधाणात पाणी जवळजवळ पाच मीटर चढतं, सिडनीला फार तर दोन. तेव्हापासून ह्यांनी पंचांग मिटलं आणि इथल्या सरकारी भरतीच्या तक्त्याला शरण गेले.

सत्तरी उलटल्यावर हे म्हणाले, "आता तरी दारात होडी हवी." आम्ही म्हटलं, हवी तर हवी, पण घर बघायचं ते नर्सच्या डोळ्यांनी. आधी ब्रिस्बेन वॉटरच्या बाजूला गेलो, वॉय वॉय, डेव्हिस्टाउनकडे. नाव ब्रिस्बेन असलं तरी ते सिडनीच्या उत्तरेला आहे, रेल्वेने जाता येतं. एका रिटायरमेंट व्हिलेजचं पत्रक इतकं सुंदर होतं! निळं पाणी, पांढरी होडी, हसणारे आजी-आजोबा. प्रत्यक्ष गेलो तेव्हा ओहोटी होती. होडी चिखलात कलंडलेली, भोवती कालवांचे कपरे. फोटो भरतीचा होता, दुसरं काय. तिथल्या बाईंनी आम्हाला चहा दिला आणि "संध्याकाळी या, छान दिसतं," असं सांगितलं. दिसायला छान हवं असतं तर भिंतीवर चित्र टांगलं असतं.

म्हणून पाण्याकाठचं घर बघायला जायचं तर तक्ता बघून, महिन्यातल्या सगळ्यात खालच्या ओहोटीला जा. होडी किती तास तरंगते आणि किती तास चिखलात, ते तेव्हाच कळतं. शिवाय पाण्यात उतरायचा जो धक्का असतो तो बघा. इथे बहुतेक ठिकाणी तरंगता धक्का असतो, त्याला पाँटून म्हणतात, आणि किनाऱ्यापासून त्याच्यापर्यंत एक उतरती फळी. भरतीला ती फळी जवळजवळ सपाट, ओहोटीला घसरगुंडी. आमच्या एका गुडघ्यात धातू आहे, ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांत वात. ओल्या फळीवर घसरलं तर खुबा मोडतो. आणि खुबा मोडलेल्या माणसाचे पुढचे सहा महिने कसे जातात ते आम्ही वॉर्डात इतकी वर्षं पाहिलं आहे. कालवाच्या कपऱ्याने पाय कापला तर तेही साधं नाही. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर जखम स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, उद्यावर टाकू नका.

होडीत पाऊल टाकणं म्हणजे पेशंटला पलंगावरून खुर्चीत घेणं, हे आमचं म्हणणं. दोन्हीची उंची सारखी हवी आणि दोन्ही हलता कामा नयेत. खुर्चीचे ब्रेक लावतो तशी होडी पुढून आणि मागून, दोन्हीकडून बांधायची. एकाच दोरीवर असलेली होडी पाय ठेवला की सरकते आणि माणूस मध्ये. ह्यांना हे पटायला दोन वेळा भिजावं लागलं.

जेटी आपली असते असं समजू नका. भरतीरेषेखालची जमीन बहुधा सरकारची असते. घर आपलं, पण जेटीला सरकारी परवाना लागतो आणि त्याचं भाडं दरवर्षी. काही जण म्हणतात, मधल्या पाण्यात नांगरबोया घेऊ. त्यालाही परवाना लागतो, पुष्कळ ठिकाणी रांग लागलेली असते, आणि मोठ्या होडीपर्यंत जायला लहान होडी वल्हवत जायचं. पंच्याहत्तरीत पावसात ते कोण करणार? डेव्हिस्टाउनसारख्या सखल भागात मोठ्या उधाणाला पाणी रस्त्यावरही येतं. तेव्हा विम्याचा कागद आधी वाचा, परसातली बाग नंतर बघा.

तिथे घर घ्यायच्या ऐवजी आम्ही हिवाळ्यात दहा आठवडे भाड्याने राहिलो. मुलगी म्हणाली, "आई, पैसे वाया." वाया नाहीत गेले. त्या दहा आठवड्यांत हे नऊ वेळा पाण्यात गेले. वारा, पाऊस, ओहोटी आणि पाठदुखी सोडून जेवढे दिवस उरले तेवढे नऊ. आम्ही कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या, म्हणून वाद झाला नाही. सातव्या आठवड्यात रात्री दोनला ह्यांच्या छातीत दुखलं. ॲम्ब्युलन्स आली, देवाच्या कृपेने पित्तच निघालं, पण त्या अर्ध्या तासात आम्हाला वेस्टमीडचं घर फार आठवलं. तिथे खिडकीतून रुग्णालय दिसतं. सकाळी हे म्हणाले, "चल, परत जाऊ, होडी नको." इतक्या पडलेल्या आवाजात आम्ही त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मग आम्हीच हट्टाला पेटलो.

तेव्हा लेक मॅक्वारी बघितलं. हे ११० चौरस किलोमीटरचं खाऱ्या पाण्याचं सरोवर न्यूकॅसलच्या दक्षिणेला आहे, समुद्राला स्वान्सीच्या अरुंद वाटेने जोडलेलं. वाट इतकी चिंचोळी की समुद्रात भरती-ओहोटी होते तेव्हा आतलं पाणी वीतभरसुद्धा वरखाली होत नाही. मुलांनो, बाटलीच्या बारीक तोंडातून घाईने पाणी ओतून बघा, किती आत जातं? तसंच ते. म्हणजे फळी दिवसभर जवळजवळ सपाट! आम्हाला अलिबागच्या किल्ल्यापर्यंत ओहोटीला चालत जायची सवय, भरती-ओहोटी नसलेलं पाणी म्हणजे मीठ नसलेली आमटी. पण गुडघ्यांना विचारा. एवढं मात्र आहे की दक्षिणेचा वारा सुटला की तळं बघता बघता खवळतं, तेव्हा हवामान ऐकल्याशिवाय दोरी सोडायची नाही.

पश्चिम किनाऱ्यावर टोरांटोला आम्ही घर घेतलं. पाण्याच्या कडेला नाही, मुद्दाम थोडं आत आणि थोडं उंचावर. सार्वजनिक धक्का चालत पाच मिनिटं. धक्क्याची डागडुजी नगरपालिका करते, आम्ही फक्त बसतो. जॉन हंटर हे मोठं रुग्णालय गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास. ते अंतर आम्ही दिवसा एकदा आणि रात्री एकदा गाडी चालवून मोजलं. मुलगी हसली. हसू दे.

होडी ॲल्युमिनियमची, पावणेचार मीटरची, चार हॉर्सपॉवरचं इंजिन. १० नॉट, म्हणजे ताशी साधारण १८ किलोमीटर, किंवा त्याहून वेगाने चालवायची तर या राज्यात परवाना लागतो. आमची तेवढी धावतच नाही. नातवंडांना सांगितलं आहे, ४.८ मीटरपेक्षा लहान होडीत बारा वर्षांखालच्या मुलाने लाइफजॅकेट घातलंच पाहिजे, हा कायदा आहे, आजीचा नियम नाही. आजीचा नियम असा की आजोबांनीही घालायचं.

आता कराराचं. घाईने सही करू नका. न्यू साउथ वेल्समध्ये व्हिलेजचं सविस्तर माहितीपत्रक करार करण्याआधी निदान १४ दिवस तुमच्या हातात असावं लागतं. सहीनंतर कामाचे ७ दिवस मन बदलायला मिळतात. आणि आमच्यासारखा परवान्याच्या पद्धतीचा करार असेल तर राहायला गेल्यावर ९० दिवसांची मुदत असते. तेवढ्यात सोडलं तर राहिलेल्या दिवसांचं भाडं आणि थोडे खर्च कापून बाकी रक्कम परत. ९० दिवसांनंतर मात्र निघताना जी फी कापतात तिचा हिशोब वकिलाकडून मांडून घ्या. आमच्या वकिलाने दहा वर्षांचा आकडा कागदावर लिहिला तेव्हा ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला.

म्हणून वेस्टमीडचं घर आम्ही अजून विकलेलं नाही. नव्या घराचे पैसे साठवलेल्या सुपरमधून भरले, हात आखडला आहे, पण झोप लागते. दर पंधरवड्याला फॅसिफर्नहून गाडीत बसतो, स्ट्रॅथफिल्डला बदलतो, अडीचेक तासांत इथे. डॉक्टरची वेळ, ओळखीची माणसं, शुक्रवारची भाजी. शेजारीण किल्ली सांभाळते आणि दर वेळी विचारते, "आलात ना परत?" आम्ही काही बोलत नाही. तळ्याकाठी माणसं चांगली आहेत, पण मराठीत "कसं काय" म्हणणारं कुणी नाही. शब्बाथच्या संध्याकाळी दोघंच दिवे लावतो. पाणी बघून पोट भरतं, बोलून भरत नाही. घर बघताना हे मोजायचं आम्ही विसरलो.

हे मात्र रोज सकाळी सहाला उठून वारा बघतात. साठ दिवसांत एकतीस वेळा पाण्यात गेले, खुणा आहेत. परवा धक्क्यावरून हात हलवत म्हणाले, "अगं, ये ना, सपाट आहे." रामदासची भीती पोटात घेऊन आम्ही जॅकेट चढवलं, दोन्ही दोऱ्या तपासल्या आणि पाऊल टाकलं. वीस मिनिटं फिरलो. होडीची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, हेही लिहून ठेवते.

आज एकसष्टावा दिवस. हा लेख वेस्टमीडच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे आणि हे शेजारच्या खोलीत टोरांटोच्या वाऱ्याचा अंदाज ऐकताहेत.