मरणाची आठवण आणि रोजची पाळी

माणसाला एक दिवस जायचेच आहे, तर रोज पहाटे उठून कामाला लागण्याची उमेद आणायची कोठून? हा प्रश्न पंडितांचा समजतात. पण पहिल्या पाळीची बस गाठणाऱ्या कामगारांकडूनही तो आम्ही निराळ्या शब्दांत पुष्कळदा ऐकला आहे.

मरणाचा विचार आमच्या भागाला परका नाही. थेरगावातून पवना ओलांडली की चिंचवडला मोरया गोसावींची समाधी; तिकडे इंद्रायणीकाठी आळंदीला ज्ञानेश्वरांची, 1296 सालची. तेथे हात आपोआप जोडले जातात. कारखान्यातल्या मरणाला मात्र असा मान नाही.

पत्र्याचे भाग काढणाऱ्या पॉवर प्रेसचे पाहा. दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबल्याखेरीज ती खाली येऊ नये, अशी तिची रचना करतात. म्हणजे साच्यात हात राहतच नाही. पण तासाचे काम वाढावे म्हणून एक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवले जाते. पहिल्या दिवशी छातीत धडधडते, आठव्या दिवशी धडधडत नाही. त्यालाच लोक धैर्य म्हणतात! आमच्या मते ती नुसती सवय होय, आणि बोटे जातात ती याच सवयीपायी. (बटण बांधायला सांगणारा स्वतः प्रेसवर बसत नाही, हेही ध्यानात असावे.) उलट पाळीच्या आरंभी साचा मोकळा ठेवून एकेक बटण दाबून पाहणे आणि एकाच बटणावर प्रेस हलली तर काम थांबवणे, हीही सवयच आहे. तिला अर्धे मिनिट लागते.

उमेद आधी येते आणि मग माणूस उठतो, असा आमचा अनुभव नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडेच झाले. बाकीचे पाळी सुटल्यावर, रोज अर्धा तास वाचून. पहिले पान नकोसे होई, तिसऱ्यावर झोप उडे. रात्रपाळीच्या आठवड्यात हे जमत नसे, आणि तेव्हाही जमावे असा उपदेश करणाऱ्यांनी एक आठवडा रात्रपाळी करून पाहावी.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. 1880 पासून 'दीनबंधू' पत्र चालवणे, 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवणे, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज करणे, असे हे चिकाटीचे काम होते. आठवड्याची सुटी मिळाली ती 10 जून 1890 ला. पुढे 1896 साली मुंबईत प्लेग आला. ज्याला शक्य होते तो शहर सोडून गेला. लोखंडे राहिले, रोग्यांच्या सेवेत राहिले, आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी प्लेगनेच गेले. पुढच्याच महिन्यात पुण्यात सावित्रीबाई फुले त्याच सेवेत, त्याच रोगाने गेल्या. लोखंड्यांना पन्नाशी लाभली नाही; आम्ही ती ओलांडली. ते ऐन वेळी एकदम शूर झाले असे आम्हांला वाटत नाही. दुसऱ्याच्या दाराशी जाण्याची सतरा वर्षांची सवय होती, ती प्लेगमध्येही मोडली नाही.

आता एका साध्या कागदाविषयी. प्रॉव्हिडंट फंडाच्या वारसनोंदीचा अर्ज भरताना तरणा कामगार हसतो आणि पेन खाली ठेवतो. 'आत्ताच कशाला?' अशुभ वाटते. लग्नाआधी भरलेला अर्ज लग्नानंतर बदलावा लागतो, तोही राहून जातो. नोकरीत असताना मृत्यू आला तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट लागत नाही; फंडाशी जोडलेल्या 1976 च्या विमा योजनेतून सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते, आणि तिच्यासाठी कामगाराच्या पगारातून पैसाही कापला जात नाही. पण नोंद नसली की तेराव्यानंतर बाईला कागद गोळा करीत हिंडावे लागते. अशा बायांबरोबर आम्ही कचेऱ्यांच्या बाकांवर बसलो आहोत. हल्ली ही नोंद मोबाइलवरही होते. सुटीच्या दिवशी, चहा झाल्यावर, बायकोला शेजारी बसवून ती पाहावी. नाव तिच्या आधार कार्डावर आहे तसेच पडले आहे ना, तेही तिलाच वाचू द्यावे.