उठावावरची शाई

जुलै १८५२ मध्ये ‘सिंध डाक’ची अर्ध्या आण्याची तिकिटं निघाली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि तिथले कमिशनर होते बार्टल फ्रिअर, पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले. पहिली तिकिटं लाल लाखेच्या चकतीवर उठवलेली. हाताळताना ती तडकायची. मग पांढऱ्या कागदावर बिनशाईचा ठसा उठवला, तर कमी उजेडात तिकीट दिसेना. अखेर ठशाला निळी शाई लागली.

घरी शुभेच्छापत्रं बनवणारे आजही याच प्रश्नाशी झटत असतात. उठावाच्या कागदावर शाई नेमकी कुठे लावायची?

त्यांचं हत्यार म्हणजे प्लास्टिकचं दुपाखी फोल्डर. एका पाखावर नक्षी उंच, दुसऱ्यावर तीच खोल. मध्ये जाड कार्ड घालून ते दाबयंत्रात सरकवायचं आणि हँडल फिरवायचं. उसाच्या चरकात कांडं जावं तसं फोल्डर दोन रोलरांतून जातं. कागद चिरत असेल तर आधी पाण्याचा हलका फवारा मारतात, म्हणजे तंतू सैलावतात.

दाबून झाल्यावर रंगवायचं तर शाईचा पॅड उलटा धरून नक्षीच्या माथ्यावरून अलगद फिरवायचा. पानाची नक्षी असेल तर एकेक शीर रंगत जाते. जरा जोर पडला की मऊ पॅड खळग्यात उतरतो आणि अख्खं कार्ड सारवल्यासारखं दिसतं. म्हणून ताठ फेल्टचा पॅड बरा.

दाबण्याआधी फोल्डरलाच शाई देण्याची रीत त्याहून देखणी. खोल नक्षीच्या पाखावर रबरी रोलर फिरवला की शाई सपाट भागावरच बसते, खळगे कोरडे राहतात. दाबल्यावर रंगीत जमिनीवर पांढरी नक्षी उठते. ब्रिटनच्या १८४७च्या एक शिलिंगच्या तिकिटावर विल्यम वायनने कोरलेला राणी व्हिक्टोरियाचा चेहरा हिरव्या जमिनीवर असाच पांढरा उठलेला आहे. उंच पाखाला शाई दिली, तर कार्डाच्या त्या बाजूच्या खोल रेघांत रंग भरतो.

शाईचीही जात पाहावी लागते. डाय शाई कागदात मुरून चटकन सुकते, पिगमेंट शाई वर रेंगाळते. ती ओली असतानाच एम्बॉसिंग पावडर भुरभुरवून, जादा झटकून हीट गनची झळ दिली, की पावडर वितळते आणि माथ्यावर चकाकी येते.

काही ठशांना मात्र शाई लावूच नये. लग्नपत्रिकेच्या माथ्यावरचा बिनरंगी गणपती खिडकीपाशी तिरपा धरला, की सोंडेची वळणं नुसत्या सावलीने उमटतात.