घरातील हत्यारांची पेटी

नवा संसार मांडताना भांडीकुंडी आणि अंथरूण-पांघरूण यांची तजवीज आपण तत्परतेने करतो. परंतु दाराची बिजागरी ढिली झाली अथवा नळ गळू लागला, म्हणजे शेजाऱ्यांकडे पक्कड मागण्यावाचून गत्यंतर उरत नाही. वस्तुतः प्रारंभी फार थोडा सरंजाम पुरतो : मागील बाजूस खिळे उपटण्याची खाच असलेली, सुमारे अर्धा किलो वजनाची हातोडी, पक्कड, सरकता पाना, मोजपट्टी आणि चपट्या व फुलीच्या टोकांचे पेचकस.

पेचकसाच्या बाबतीत मात्र चोखंदळपणा अवश्य दाखवावा, कारण त्याचे टोक स्क्रूच्या खाचेत रुंदीने व जाडीने नेमके बसले नाही, तर ते घसरते, खाचेच्या कडा झिजवते, आणि मग तो स्क्रू निष्णात सुतारालाही दाद देत नाही. म्हणून एका मोठ्या पेचकसापेक्षा लहानमोठे तीन बाळगणे मला श्रेयस्कर वाटते. सरकता पाना नटावर घट्ट आवळून, जोर त्याच्या स्थिर जबड्यावर पडेल अशा बेताने ओढावा. सरकणारा जबडा तुलनेने दुबळा असतो.

पकडीच्या मुठींवर आवरण असले, तरी २३० व्होल्टच्या तारेला हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद केलाच पाहिजे. या नियमास कोणतीही सवलत मला मान्य नाही. कोकणच्या दमट हवेत लोखंड त्वरेने गंजते, तेव्हा मृगापूर्वीच प्रत्येक हत्यार कोरडे पुसून त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवावा.