वेगळी चूल मांडण्याचा अधिकार

एकत्र कुटुंबात भावाभावांचे पटेनासे झाले की वेगळी चूल मांडली जाते. शेताचे तुकडे पडतात, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लागतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला पूर्वीपेक्षा कमीच येते. संगणकाच्या जगात मात्र अशी एक वाटणी रूढ आहे की जिच्यात प्रत्येक भावाला अख्खा वाडा मिळतो. मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झालेली आज्ञावली कोणीही उतरवून घ्यावी, तीत हवा तसा फेरफार करावा आणि आपला स्वतंत्र संसार थाटावा, अशी ही मुभा आहे. तिला फोर्क, म्हणजे फाटा, असे म्हणतात. समाजमाध्यमे चालविणाऱ्या आज्ञावलींच्या बाबतीत हा अधिकार वारंवार वापरला गेला आहे. त्या अनुभवाचा ताळेबंद मांडण्याची वेळ आता आली आहे.

या अधिकाराचे एक जुने उदाहरण अमेरिकेतील लाइव्हजर्नलचे. ब्रॅड फिट्झपॅट्रिक या तरुणाने १९९९ मध्ये ते सुरू केले आणि त्याची आज्ञावली खुली ठेवली. २००५ मध्ये ते एका कंपनीला विकले गेले. २००७ मध्ये शेकडो खाती एकाएकी बंद करण्यात आल्याने लेखक-वाचकांत असंतोष माजला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मालकी रशियातील कंपनीकडे गेली. तेव्हा लाइव्हजर्नलच्याच दोन माजी कर्मचाऱ्यांनी ती आज्ञावली घेऊन २००९ मध्ये ड्रीमविड्थ उभे केले. जाहिराती घ्यायच्या नाहीत आणि खर्च सभासदांच्या पैशातून भागवायचा, हा दंडक त्यांनी प्रारंभापासून पाळला. ड्रीमविड्थ आजही चालू आहे. तथापि तेथे जाणाऱ्यास एक मोल मोजावे लागले. आज्ञावली सोबत आली, पण मित्रमंडळी जुन्याच घरी राहिली.

ही उणीव पुढच्या पिढीने पुष्कळ अंशी भरून काढली. जर्मनीत ओयगेन रॉख्को यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेले मॅस्टोडॉन हे नाव भारतात अनेकांच्या कानी प्रथम पडले ते नोव्हेंबर २०१९ मध्ये, जेव्हा ट्विटरवर रुष्ट झालेल्या काही भारतीयांनी तिकडे मोर्चा वळविला. मॅस्टोडॉनला एकच एक मालक नाही. अनेक स्वतंत्र सर्व्हर एका समान संकेताने परस्परांशी बोलतात, आणि २०१८ मध्ये वेबची मानके ठरविणाऱ्या संस्थेने त्या संकेतास मान्यता दिली. परिणामी येथे वेगळी चूल मांडली तरी रोटीव्यवहार तुटत नाही. आपल्या सर्व्हरपुरतेच मर्यादित राहील असे लिखाण करण्याची सोय मूळ मॅस्टोडॉनने नाकारली. ग्लिच-सॉक आणि होमटाउन या फाट्यांनी ती दिली. तरीही त्यांचे सभासद मॅस्टोडॉनवरील मित्रांशी पूर्ववत बोलू शकतात. भांडण न करता वेगळे होण्याची ही रीत खरोखर नवी आहे.

अर्थात, जो दरवाजा सज्जनांसाठी उघडा असतो तो इतरांसाठीही उघडाच राहतो. अतिउजव्या मंडळींचे आश्रयस्थान म्हणून ओळखले जाणारे गॅब २०१९ मध्ये मॅस्टोडॉनच्या आज्ञावलीवर उभे राहिले. रॉख्कोप्रभृतींनी तीव्र निषेध केला, पण परवान्यानुसार त्यांना रोखता आले नाही. २०२१ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या ट्रुथ सोशलने तीच आज्ञावली वापरली आणि आपला फेरफार जाहीर करण्याची परवान्यातील अट आधी पाळली नाही. मॅस्टोडॉनने पत्र पाठविल्यानंतर त्याच वर्षी ती जाहीर झाली. कोण काय बोलतो याची चौकशी परवाना करीत नाही. घेतलेले परत खुले करा, एवढेच तो बजावतो.

येथवरचा हिशेब जमेचा आहे. खर्चाची बाजू मात्र बहुधा कोणी पाहत नाही. आज्ञावलीची नक्कल करण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही. परंतु ती सांभाळणाऱ्या माणसाचा वेळ अशा रीतीने वाढत नाही. एका फाट्यास दिलेला तास दुसऱ्यास देता येत नाही. वाडा प्रत्येकास अख्खा मिळाला तरी गडीमाणसांची संख्या पूर्वीइतकीच राहते. जुलै २०२३ मध्ये मॅस्टोडॉनमध्ये सुरक्षेचे गंभीर छिद्र आढळले. मूळ आज्ञावलीत त्याची दुरुस्ती झाली, पण त्यावरून निघालेल्या प्रत्येक फाट्याला ती स्वतंत्रपणे उतरवून घेणे भाग होते. अशा कामाला ना प्रसिद्धी, ना मोबदला.

ते झाले नाही तर काय होते, याचा प्रत्यय फायरफिशने दिला. जपानमधील मिस्कीपासून निघालेला हा फाटा आधी कॅल्की या नावाने चालत असे. २०२३ मध्ये नवे नाव घेऊन तो झपाट्याने लोकप्रिय झाला. परंतु सारा डोलारा मूठभर माणसांच्या फावल्या वेळावर उभा होता. धुरा एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि २०२४ मध्ये प्रकल्पाने आपली समाप्ती जाहीर केली. ज्यांनी विश्वासाने त्यावर आपले सर्व्हर उभारले होते, त्यांना पुन्हा स्थलांतर करावे लागले.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, संस्था बिघडू लागली तर सभासदापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा आवाज उठविणे. निघून जाणे फार सोपे झाले की आवाज उठविणारेच आधी बाहेर पडतात, असा त्यांचा इशारा होता. फोर्कच्या अधिकाराचे खरे मोल तो वापरण्यात कमी आणि तो हाताशी असण्यात अधिक आहे. सभासद उद्या वाडा उचलून नेऊ शकतात हे ज्यास ठाऊक आहे, तो कारभारी आज त्यांचे ऐकतो. स्वतः रॉख्को यांनीही २०२५ मध्ये प्रमुखपद सोडले आणि कारभार एका व्यक्तीऐवजी संस्थेकडे सोपविण्याचा मार्ग पत्करला, हे येथे लक्षणीय आहे.

मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीला पर्याय म्हणून मुक्त आज्ञावलीचा पुरस्कार करणे योग्यच आहे. मात्र परवाना खुला झाला की काम संपले, असा समज करून घेणे महागात पडेल. गावच्या तळ्याचा गाळ कोणी तरी दर उन्हाळ्यात उपसावा लागतो. ड्रीमविड्थच्या सभासदांनी त्यासाठी वर्गणी दिली, म्हणून ते टिकले. फायरफिशला ती तरतूद करता आली नाही. वेगळे होऊ पाहणाऱ्यांनी आज्ञावली उतरवून घेण्यापूर्वी परस्परांना विचारावयाचा प्रश्न हाच आहे की, पुढची दहा वर्षे हे काम कोण करणार आणि त्याचे पैसे कोण देणार.